जगबुडीनंतरचे शहाणपण

दिवाळीच्या अंकात, चकली-करंजीच्या ताटाशेजारी बसून, जगबुडीची गोष्ट सांगावी हे पुष्कळांना अप्रशस्त वाटेल. परंतु घरातल्या तरुण मंडळींना विचारून पाहा. त्यांना जगबुडीचे काडीइतकेही भय उरलेले नाही. पडद्यावर त्यांनी ती कितीतरी वेळा पाहिली आहे, नव्हे, तिच्यातून तरून जाऊन दाखविले आहे. १९८८ साली अमेरिकेत ‘वेस्टलँड’ नावाचा संगणकावरचा खेळ निघाला. अणुयुद्धात देश बेचिराख झाल्यावर वाळवंटात उरलेल्या माणसांनी कसे तगावे, हा त्याचा विषय. १९९७ साली ‘फॉलआउट’ आला आणि मग या विषयाला बहरच आला. तळघरातून बाहेर पडायचे, पाणी शोधायचे, औषध जपायचे, गोळ्या मोजून झाडायच्या आणि अंगावर येईल त्याच्याशी दोन हात करायचे, या सगळ्याचे आता एक शास्त्र बनले आहे. जुन्या खेळाडूने नव्याला चार युक्त्या सांगाव्यात आणि नव्याने त्या पुन्हा पुन्हा मरून शिकाव्यात, अशी त्याची गुरुपरंपराही आहे.

मी हे खेळ खेळलो आहे. माझ्या वयाच्या माणसाला ते शोभते की नाही, हा वाद घरात अधूनमधून होतो. तो येथे नको. सांगायचे ते एवढेच की, इतिहासाचा नाद असलेल्या माणसाला एक खोड असते. त्याला कोणी युक्ती सांगितली की ती प्रथम कोणाला आणि कोणत्या प्रसंगी सुचली, हे विचारल्यावाचून राहवत नाही. अमेरिकन खेळांतल्या युक्त्या बव्हंशी कल्पनेतून आलेल्या. त्या देशावर शत्रूचा अणुबॉम्ब कधी पडलेला नाही. पण दोन खेळ असे आहेत की, ज्यांच्या युक्त्यांना खऱ्या मातीचा वास आहे. एक ‘स्टॉकर : शॅडो ऑफ चेर्नोबिल’, मार्च २००७ मधला; दुसरा ‘मेट्रो २०३३’, मार्च २०१० मधला. दोन्ही युक्रेनच्या राजधानीत, कीव्ह शहरात तयार झाले. तेथून चेर्नोबिलची वीजभट्टी उत्तरेला सुमारे शंभर किलोमीटरवर.

‘स्टॉकर’मध्ये पाऊल टाकल्याबरोबर खेळाडूच्या हाती जी चीजवस्तू येते तिच्यात एक लोखंडी बोल्ट असतो. कितीही फेकला तरी संपत नाही. ‘झोन’ म्हणजे चेर्नोबिलभोवतीचा निषिद्ध प्रदेश. खेळातल्या गोष्टीप्रमाणे तेथे जागोजागी अदृश्य सापळे उत्पन्न झालेले आहेत. कोठे हवाच माणसाला चिरडून टाकते, कोठे विजेचा लोळ उठतो. म्हणून पहिला धडा असा : पाय टाकण्यापूर्वी बोल्ट फेका. तो सरळ जाऊन पडला तर वाट मोकळी. भिरभिरला, उसळला, की बाजूने जा. घाई करणाऱ्याचा येथे पहिल्या दहा मिनिटांत निकाल लागतो.

हा बोल्ट खेळ करणाऱ्यांचा नव्हे. आर्काडी आणि बोरिस स्त्रुगात्स्की या रशियन बंधूंनी १९७२ साली ‘रोडसाइड पिकनिक’ या नावाने जगभर ओळखली जाणारी कादंबरी लिहिली. तिच्यात परग्रहावरचे कोणी येऊन गेलेले असतात आणि त्यांच्या मागे उरलेल्या झोनमध्ये चोरून शिरणारी माणसे पुढे नट फेकून वाट चाचपतात. १९७९ साली तारकोव्हस्कीने तिच्यावरून ‘स्टॉकर’ हा चित्रपट केला, त्यातही चिंधी बांधलेले नट आहेत. खेळात त्या नटाचा बोल्ट झाला, इतकेच. आणि ‘स्टॉकर’ हा शब्द कोठून आला म्हणाल, तर त्याची वाट थेट आपल्या मुंबईपर्यंत येते. बोरिस स्त्रुगात्स्कीने सांगून ठेवले आहे की, तो शब्द त्यांना रुडयार्ड किपलिंगच्या ‘स्टॉकी अँड कंपनी’ या शाळकरी पोरांच्या गोष्टींवरून सुचला. हा किपलिंग १८६५ साली मुंबईला जन्मला. त्याचे वडील जे. जे. कलाशाळेत शिक्षक होते. मुंबईत जन्मलेल्या माणसाच्या पुस्तकातले टोपणनाव रशियन कादंबरीत गेले, तेथून चित्रपटात, आणि पुढे चेर्नोबिलच्या तारांच्या कुंपणाखालून चोरून शिरणाऱ्या खऱ्याखुऱ्या माणसांना तेच चिकटले. शब्दांचे प्रवास माणसांच्या प्रवासाहून विलक्षण असतात.

आता खेळ मिटवून २६ एप्रिल १९८६ च्या रात्रीकडे वळू. एक वाजून तेवीस मिनिटांनी चेर्नोबिलची चौथी भट्टी फुटली. आगीचे बंब आले. छपरावर चढलेल्या जवानांच्या पायांखाली भट्टीच्या गाभ्यातले ग्राफाइटचे तुकडे पडलेले होते, आणि त्यांच्याजवळ फेकून पाहायला बोल्ट नव्हता. खेळात किरणोत्सर्ग जवळ आला की मोजयंत्र कटकट वाजू लागते. पडद्याच्या कोपऱ्यात खूण उमटते. हा खेळाचा फार मोठा दयाळूपणा आहे. त्या रात्री वीजभट्टीत हाताशी असलेल्या मोजयंत्रांचा काटा ताशी ३.६ राँटजेनच्या पुढे जाऊच शकत नव्हता. काटा शेवटच्या रेघेला टेकला, आणि वरिष्ठांनी तीच रेघ खरी मानली. प्रत्यक्षात किरणोत्सर्ग त्याच्या हजारो पट होता. वीजभट्टीतले कामगार आणि बंबवाले मिळून २८ माणसे त्या वर्षभरात किरणोत्सर्गाच्या आजाराने गेली. आगीतून माणूस वाचतो की नाही हे डोळ्यांना कळते. येथे डोळे, नाक, कान, सगळीच इंद्रिये निरुपयोगी. म्हणून मला वाटते, अदृश्य सापळ्यांची कल्पना कीव्हच्या मंडळींना जितकी भिडली तितकी आणखी कोणाला भिडणे शक्य नव्हते. १ मे १९८६ रोजी त्यांच्या शहराच्या मुख्य रस्त्यावरून कामगारदिनाची मिरवणूक ठरल्याप्रमाणे निघाली होती. मुले हातात फुले घेऊन चालली होती, आणि वारा एक दिवस आधीच कीव्हकडे वळलेला होता.

खेळातला दुसरा धडा ओझ्याचा. ‘स्टॉकर’मध्ये पाठीवर पन्नास किलोपर्यंत सामान नेता येते, त्यापुढे धाप लागते, साठाच्या पुढे पाऊलच उचलत नाही. नवा खेळाडू हाती लागेल ती बंदूक, मेलेल्याचा कोट, पावाचे तुकडे, सगळे भरून घेतो आणि रानकुत्र्यांच्या टोळीपुढे त्याला पळता येत नाही. मुरलेला खेळाडू एक चांगली बंदूक, तिच्यापुरत्या गोळ्या, जखम बांधायच्या पट्ट्या आणि किरणोत्सर्गावरचे औषध एवढेच घेऊन निघतो. प्रिप्यात हे भट्टीच्या कामगारांचे शहर, वस्ती सुमारे ४९,०००. त्यांच्या वाट्याला हा ओझ्याचा हिशेब कसा आला ते पाहा. स्फोटानंतर शनिवारचा दिवस नेहमीसारखा गेला. मुले शाळेतही गेली. सुमारे छत्तीस तासांनी, २७ एप्रिलच्या दुपारी, ध्वनिक्षेपकावरून सांगण्यात आले की, तात्पुरते शहर सोडायचे आहे. कागदपत्रे, अगदी लागेल तेवढे सामान आणि थोडे खाणे बरोबर घ्यावे. तीन दिवसांत परत येऊ, असा सगळ्यांचा समज. हजारावर बसगाड्या रांगेने उभ्या होत्या. तीन दिवसांचे सामान माणसे कसे भरतात, हे आपणांस ठाऊक आहे. लग्नातले फोटो कोणी घेत नाही. कुत्रीमांजरे मागे राहिली. तीन दिवस संपले नाहीत. खेळात आपण ज्या ओस खोल्यांतून सामान शोधत फिरतो, त्या या खोल्या. आणि जो पिवळा पाळणा दुरून दिसतो, तो त्याच १ मे रोजी मुलांसाठी सुरू व्हावयाचा होता.

वोडकाविषयी दोन शब्द सांगितलेच पाहिजेत, कारण खेळाडूंमध्ये हा मोठ्या चवीचा विषय आहे. ‘स्टॉकर’मध्ये वोडका प्यायली की अंगातला किरणोत्सर्ग कमी होतो; मात्र डोळ्यांपुढे पडदा डुलू लागतो आणि नेम चुकतो. ही थट्टा नव्हे, आठवण आहे. चेर्नोबिलच्या सफाईला त्या काळच्या सोव्हिएत संघाने सुमारे सहा लाख माणसे जुंपली, आणि वोडका किरणोत्सर्ग धुऊन काढते ही समजूत त्यांच्यात सर्रास होती. ती खोटी होती. खरे औषध साधे आणि स्वस्त होते. ते म्हणजे आयोडीन. भट्टीतून उडालेले किरणोत्सर्गी आयोडीन गवतावर पडते, गाईच्या दुधात उतरते आणि दूध पिणाऱ्या मुलाच्या गळ्यातल्या ग्रंथीत जाऊन बसते. आधीच चांगले आयोडीन पोटात गेले असेल तर त्या ग्रंथीत वाईटाला जागा उरत नाही. पोलंडने २९ एप्रिलपासून एक कोटीहून अधिक मुलांना ते पाजले. युक्रेन आणि बेलारूसच्या खेड्यांत मुले त्याच आठवड्यात घरच्या गाईचे ताजे दूध पीत होती, आणि पुढे त्यांतल्या हजारोंना गळ्याचा कर्करोग झाला. खेळात सॉसेज आहे, डब्यातले मांस आहे, पाव आहे, दूध नाही. करणाऱ्यांनी ते जाणून वगळले की काय, मी सांगू शकत नाही, पण दूध तेथे नसावे हेच योग्य वाटते.

लढाईचे धडे मात्र कोणत्याही काळच्या शिपायाला पटतील असे आहेत. हाती साधे पिस्तूल असताना लांबून गोळी झाडू नये. जवळ जाऊन डोक्याचा नेम धरावा. भिंतीच्या कडेने नुसते वाकून पाहावे, सगळे अंग बाहेर काढू नये. दोन गोळ्या झाडल्या की जागा बदलावी, कारण या खेळातले शत्रू मुकाट मरत बसत नाहीत, एकजण समोरून गुंतवून ठेवतो आणि दुसरा बगलेने येतो. गनिमी काव्याच्या देशातल्या माणसाला हे वेगळे शिकवायला नकोच. जुनी बंदूक ऐन वेळी अडते, म्हणून ती किती झिजली आहे त्यावर नजर ठेवावी. कुत्र्यांची टोळी आली तर उंचावर चढावे. आणि उघड्यावर जेवढा वेळ कमी, तेवढे बरे.

हा शेवटचा नियम पुन्हा आपल्याला त्या छपराकडे घेऊन जातो. किरणोत्सर्गापासून बचावाची तीन साधने विज्ञान सांगते : थोडा वेळ, लांब अंतर आणि मध्ये आड काहीतरी. १९८६ च्या सप्टेंबरात फुटलेल्या भट्टीशेजारची छपरे साफ करायची होती. दूरनियंत्रित यंत्रे आणली, परदेशांतूनही आणली. किरणांनी त्यांतली कित्येक बंद पाडली. तेव्हा माणसे चढविली. सैनिकांनी शिशाचे पत्रे कापून छातीपाठीला बांधले, तोंडावर कापडी मुखवटे चढविले. अंतर राखणे शक्य नव्हते, आड धरायला ते पत्रे तेवढे, म्हणून उरला तो वेळ. कोणाला दोन मिनिटे, कोणाला त्याहूनही कमी. धावत जायचे, फावडे भरायचे, कठड्यावरून भट्टीच्या खाईत टाकायचे, भोंगा वाजला की धावत परत. एका माणसाने दोन फावडी टाकली की त्याचे काम संपले, मग दुसरा. असे हजारो गेले. त्यांना ‘जैविक यंत्रमानव’ असे नाव पडले होते. कोणी ठेवले असेल ते असो, ते कुचेष्टेने ठेवलेले नव्हते. यंत्रे हरली तेथे ही माणसे पोहोचली, एवढाच त्याचा अर्थ.

‘मेट्रो २०३३’ची जात निराळी. दिमित्री ग्लुखोव्हस्की या मॉस्कोच्या लेखकाने ही कादंबरी २००२ साली इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवली. छापील पुस्तक तीन वर्षांनी आले. अणुयुद्धानंतर मॉस्कोतली उरलीसुरली माणसे भुयारी रेल्वेत वीस वर्षे राहत आहेत, एकेक स्टेशन म्हणजे एकेक राज्य झाले आहे, अशी तिची कल्पना. रशियन माणसाच्या पुस्तकावरून कीव्हच्या माणसांनी खेळ केला, हेही येथे ध्यानात ठेवावे.

या खेळात जपायच्या वस्तू दोन, मुखवट्याचा फिल्टर आणि काडतूस. वर, जमिनीवर, श्वास घेण्याजोगी हवा नाही. एक फिल्टर ठरावीक मिनिटे चालतो, मनगटावरचे घड्याळ ती मिनिटे मोजते, आणि मारामारीत काच तडकली तर तोही हिशेब गेला. काडतुसांची गंमत अशी की, युद्धापूर्वी बनलेली चांगली काडतुसे हेच तेथले चलन. भुयारात बनविलेली काडतुसे मळकट आणि कमजोर. संकटात चांगली झाडली तर शत्रू लवकर पडतो, पण तुम्ही अक्षरशः पैसे उडवीत असता. पुढच्या फलाटावर औषधाला आणि फिल्टरला दमडी उरत नाही. म्हणून मुरलेला खेळाडू सहसा गोळीच झाडत नाही. तो दिवे विझवितो, वाटेत बांधलेल्या डब्यांच्या दोरीला पाय लागू देत नाही, हाताने हवा भरायच्या मुक्या बंदुकीने किंवा फेकायच्या सुऱ्याने काम भागवितो, आणि जमल्यास पहारेकऱ्याच्या पाठीमागून निघून जातो. अंधार हा या खेळात शत्रू नव्हे, मित्र आहे.

भुयारात आसरा घेण्याची कल्पना ग्लुखोव्हस्कीला शोधावी लागली नाही. मॉस्कोची भुयारी रेल्वे १५ मे १९३५ रोजी सुरू झाली. १९४१ च्या जुलैत जर्मन विमाने आली आणि स्टेशने रात्रीची आश्रयस्थाने झाली. फलाटांवर बायका-मुले झोपत. दोनशेहून अधिक मुले तेथेच जन्मली. जर्मन फौजा जवळ आल्या तेव्हा ऑक्टोबरच्या मध्याला ही सगळी रेल्वे उद्ध्वस्त करण्याचा हुकूम सुटला. १६ तारखेच्या सकाळी दारे उघडली नाहीत. हुकूम मागे घेतला गेला आणि त्याच संध्याकाळी गाड्या पुन्हा धावू लागल्या. तीनच आठवड्यांनी, ६ नोव्हेंबरला, मायाकोव्हस्काया स्टेशनात स्टालिनने क्रांतिदिनाचे भाषण केले.

या खेळातली एक युक्ती मात्र कोणत्याही लष्करी शाळेत शिकवीत नाहीत, आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. वाटेत भिकारी भेटतो, एखादे पोर हात पसरते. काडतूस द्यावे की राखावे? तुटपुंज्या गाठोड्यातून एक जरी दिले तरी पुढे ते कमी पडणार, हे खेळाडूला ठाऊक असते. खेळ काही बोलत नाही. पण दिलेले काडतूस, न मारलेला शरण आलेला माणूस, थांबून ऐकलेली कोणा म्हाताऱ्याची कहाणी, या सगळ्यांची तो आतल्या आत नोंद करीत असतो. ती पुरेशी झाली, तरच शेवटच्या घटकेला ज्यांना आपण शत्रू समजत आलो ते खरोखर शत्रू होते काय, असा प्रश्न विचारण्याची संधी मिळते. नाही तर क्षेपणास्त्रे सुटतात आणि गोष्ट तेथेच संपते. पुष्कळ खेळाडूंना पहिल्या खेपेस दुसरा शेवट आहे हेच कळत नाही. ज्याने फक्त जगण्याचा विचार केला तो जगतो खरा, पण त्याला गोष्ट अर्धीच कळते.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाच्या फौजा युक्रेनमध्ये शिरल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी चेर्नोबिलची भट्टी ताब्यात घेतली, आणि ३१ मार्चला ती सोडली. कीव्हमध्ये भोंगे वाजले आणि माणसे अंथरुणे, मुले, मांजरे घेऊन भुयारी रेल्वेत उतरली. कीव्हचे आर्सेनाल्ना स्टेशन १९६० सालचे, जमिनीखाली १०५ मीटर. जगातल्या अतिशय खोल स्टेशनांपैकी एक. ज्या शहराने मॉस्कोच्या भुयारातल्या माणसांचा खेळ रचला, ते शहर आपल्याच भुयारात, मॉस्कोहून सुटलेल्या क्षेपणास्त्रांखाली, रात्री काढू लागले. प्रिप्यातच्या वेळी मागे राहिलेली मांजरे या वेळी पुष्कळांनी काखेत मारून आणलेली छायाचित्रांत दिसतात. ती पाहताना मला बरे वाटले, हे कबूल करतो.

‘स्टॉकर’चा पुढचा भाग तेव्हा तयार होत होता. काम थांबले; काही मंडळी प्रागला गेली, काही कीव्हमध्ये राहिली, काही सैन्यात गेली. २००८ च्या ‘स्टॉकर : क्लिअर स्काय’ या भागावर काम केलेला वलोदिमिर येझोव्ह २०२२ च्या डिसेंबरात बाखमूतजवळ लढताना मारला गेला. ग्लुखोव्हस्कीने युद्धाविरुद्ध तोंड उघडले. तो देशाबाहेर असतानाच मॉस्कोच्या न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये त्याला आठ वर्षांची शिक्षा ठोठावली. ‘स्टॉकर’चा तो भाग अखेर २० नोव्हेंबर २०२४ रोजी बाहेर पडला. त्यातही बोल्ट आहे, आणि तो अजून संपत नाही.

युक्रेनचे दुसरे मोठे शहर खार्किव्ह रशियाच्या सीमेपासून अगदी जवळ. तेथे माणसे भुयारी स्टेशनांत तीन महिने राहिली. २४ मे २०२२ रोजी गाड्या पुन्हा सुरू झाल्या. क्षेपणास्त्र इतके लवकर येऊन पडते की भोंगा ऐकून शाळेतून पळायला वेळ पुरत नाही. म्हणून सप्टेंबर २०२३ मध्ये तेथील स्टेशनांतच वर्ग बांधले. बाके आहेत, फळे आहेत, आवाज येऊ नये म्हणून भिंती घातल्या आहेत. मुले सकाळी दप्तर घेऊन जिना उतरतात. पलीकडून गाडी धडधडत जाते तेव्हा बाई क्षणभर थांबतात, आणि मग पुढचे वाक्य सांगतात.